तळाचे म्हातारे शिंपले

थोरल्या जावेला विभागप्रमुखाची खुर्ची मिळणार होती आणि धाकटीला तिचं उतरलेलं तोंड बघायला मिळणार होतं. धाकटीला आपला सौदा जास्त किफायतशीर वाटला, म्हणून ती निवडीच्या बैठकीपर्यंत गप्प बसली.

दोघी एकाच प्रयोगशाळेत समुद्रतळाचा गाळ चाळत. थोरलीचा दावा असा, की हिमयुग सरताना वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी समुद्रावर पसरलं, वरचं पाणी खाली बुडेनासं झालं आणि तळाचा प्रवाह जवळजवळ निजला. पुरावा एकच: गाळाच्या एका थरात तळाला जगणारे इवले शिंपले, वर तरंगून मेल्यावर खाली पडणाऱ्यांपेक्षा, कार्बनच्या मोजणीत फारच म्हातारे निघाले होते; तळाचं पाणी जितकं साचून राहील, तितकं त्यातल्या शिंपल्यांचं हे वय जास्त भरतं. पण त्या थरातून एका किड्याचं बीळ गेलंय आणि खालचे जुने शिंपले त्यानंच वर आणलेत, हे धाकटीला केव्हाच दिसलं होतं.

भर बैठकीत तिनं गाळाचा फोटो पडद्यावर लावला. "जाऊबाई, समुद्र निजला नव्हता हो. किडा जागा होता!"

सगळे फिदीफिदी हसले. थोरली शांतपणे म्हणाली, "खरंय गं बाई. मग तुझ्या प्रबंधाचं काय? तूही सगळ्या तारखा याच थरावरून मोजल्यास ना?"

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. थोरलीला खोटं पाडायच्या नादात ती हे साफ विसरली होती.

खुर्ची मिळाली गाळाला कधी हातही न लावलेल्या तिसऱ्याच गृहस्थांना. थोरलीनं दावा गमावला, धाकटीनं पदवी, आणि दोघींच्या अबोल्यात इकडचे निरोप तिकडे पोचवून सासूबाईंचा घसा बसला.