उघडेल त्या दिवशीचा माल

कस्टमच्या कचेरीत त्या वकीलबाईंना सगळे 'स्वल्पविरामबाई' म्हणत. तोंडावर म्हणत नसत, एवढाच काय तो मान. परदेशातून आलेला माल अडकला की व्यापारी त्यांच्याकडे धाव घेत, आणि बाई कागदातला एखादा स्वल्पविराम असा पकडत, की अधिकाऱ्याने हात टेकलेच म्हणून समजा. वीस वर्षं हेच केलं. दुसऱ्यांचं लोखंड सोडवलं, दुसऱ्यांची लाकडं सोडवली, दुसऱ्यांची यंत्रं सोडवली. घरचं माणूस कधी अडलं नव्हतं. या वेळी अडला तो सख्खा भाऊ.

दादाची गुलाबांची रोपवाटिका होती. वडिलांनी सुरू केलेली, दादाने चाळीस वर्षं सांभाळलेली. गेल्या दोन वर्षांत तिच्यात मुळकूज शिरली आणि वाफेच्या वाफे बसले. शेवटी दादाने सगळी झाडं उपटून जाळली, माती बदलली, आणि परदेशातल्या एका म्हाताऱ्या माळ्याला गळ घातली. त्याच्या गुलाबाला मुळकूज शिवत नसे. म्हातारा जमीन विकून मुलीकडे राहायला निघाला होता. जाता जाता त्याने शेवटची छाटणी केली आणि दोन हजार काड्या ओल्या शेवाळात गुंडाळून विमानाने धाडल्या. त्या पुन्हा मिळायच्या नव्हत्या. जगल्या तर वाटिका जगणार, नाहीतर साठीला टेकलेल्या माणसाने करायचं काय? त्याला दुसरं काही येत नाही हो.

परवान्यात अट एकच. काड्यांना मूळ फुटलेलं नसावं. मुळांबरोबर परक्या मातीतले रोग येतात, म्हणून मुळं असलेल्या रोपांना बंदी. अट काही वाईट नाही. आणि काड्या निघाल्या तेव्हा नुसत्या काड्याच होत्या.

पेटी उतरली त्या सकाळी तपासणी अधिकाऱ्याने बाईंना फोन केला. पोरगा नवा होता, उत्साही होता. म्हणाला, आत्ता उघडून बघतो, पंधरा मिनिटांचं काम आहे. आता कुणीही शहाणं माणूस म्हणालं असतं, बघ बाबा. पण बाईंना खोड लागलेली! वकील हजर असल्याशिवाय पेटी उघडू द्यायची नाही, आधी लेखी नोटीस मागायची, मग तारीख घ्यायची. हाताखालच्या वकिलांना त्यांनी हेच घोकवलं होतं. त्या दिवशी त्यांची दुसरीकडे सुनावणी होती, डोकं तिकडे होतं, आणि जीभ आपली सवयीने वळली. नोटीस द्या, तारीख द्या. तारीख नऊ दिवसांनंतरची मिळाली. पेटी शीतघरात ठेवतील असं बाईंनी गृहीत धरलं. शीतघर भरलेलं होतं, म्हणून पेटी पत्र्याच्या शेडमध्ये गेली, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. दादाला मात्र सांगितलं, खात्याने तारीख दिली आहे. तसं ते खोटं नव्हतं म्हणा.

नवव्या दिवशी सकाळी झाकण निघालं आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. वरची काडी उचलली तर खाली पांढरीशुभ्र मुळं. दुसरीलाही तेच. त्या नव्या अधिकाऱ्याचाच चेहरा पडला. काय करणार, त्याने दिसलं ते लिहिलं.

दुपारी मोठ्या साहेबांपुढे सुनावणी झाली. बाई जीव तोडून बोलल्या. निघताना मुळं नव्हती, याचा तिकडच्या तज्ज्ञाचा दाखला होता. मुळं तुमच्या शेडमध्ये फुटली, इथल्या हवेत फुटली, त्यांना परकी माती लागलीच नाही, मग रोग येईल कुठून? मुद्दा बिनतोड होता. साहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि एक जुना निकाल काढून त्यातली खूण केलेली ओळ वाचली. माल निघताना कसा होता हे पाहायचं नाही. उघडेल त्या दिवशी दिसेल तो माल.

वाक्य बाईंचंच होतं. बारा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याची लाकडं अडकली होती. ओल्या लाकडाला बंदी, आणि ती निघताना ओली होती, वाटेत वाळली. बाईंनी थेट सर्वांत वरच्या कोर्टापर्यंत भांडून हे वाक्य निकालात बसवलं होतं. तेव्हा केवढं कौतुक झालं! नवीन अधिकाऱ्यांकडून आता ते पाठ करून घेतात. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो हा असा.

"तो निकाल चुकीचा आहे," बाई म्हणाल्या. जिंकलेल्या खटल्याबद्दल असं त्या जन्मात कधी बोलल्या नव्हत्या.

"असेलही," साहेब म्हणाले. "पण मला तो बांधून ठेवतो, बाई. तुम्हीच बांधलंय."

त्यात टोमणा नव्हता. असता तर निदान भांडता तरी आलं असतं. अपिलाला तीन महिने लागणार होते आणि काड्या आठवडाभरही तग धरणार नव्हत्या. शिवाय रोगाच्या भीतीने असा माल ठेवतच नाहीत. हुकूम निघाला, त्याच दिवशी पाच वाजता, मालकाच्या समक्ष भट्टीत जाळायचं.

दादा शेडमध्ये येऊन उभा होता. त्याने पेटी आतापर्यंत पाहिलेलीच नव्हती. चष्मा चढवून त्याने एक काडी उचलली, मग आणखी एक, मग तळातली. बाईंना वाटलं, आता हा रडणार. रडला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा उजळला होता.

"छोटे, हे बघ," तो म्हणाला. "दोन हजारांतल्या हजारांनी मूळ धरलं तरी आम्ही खूश असतो गं. इथे एकही वाया गेलेली नाही. असं मी आयुष्यात पाहिलं नाही."

दादाने मुळावरचं शेवाळ बोटाने हलकेच बाजूला केलं आणि साधं विचारावं तसं विचारलं, "नऊ दिवस कुणी ठेवली गं ही? पहिल्याच दिवशी उघडली असती तर नुसत्या काड्या होत्या."

खात्याने, असं म्हणता आलं असतं. वीस वर्षांची तयारीची जीभ होती, अगदी तोंडाशी आलंही.

"मी ठेवली, दादा. तारीख मी मागितली."

अधिकारी उगाच कागद चाळत राहिला. हमाल हातगाडी घेऊन खोळंबला होता. दादाने बाहेर काढलेल्या काड्या एकेक करून पुन्हा शेवाळात गुंडाळल्या, मुळं खाली करून. शेवाळ सुकलं होतं म्हणून त्याने हमालाकडून बाटली मागून घेतली, वरून पाणी शिंपडलं आणि झाकण लावलं.

"आडवी धरू नका," तो हमालाला म्हणाला. "मुळं मोडतात."

मग भट्टीपर्यंत तो पेटीला हात लावून गाडीबरोबर चालत गेला. बाईंकडे त्याने वळून पाहिलं नाही.