शेवटची चाळीस पिंपं

वडील जाऊन तीन आठवडे झाले, तेव्हा कुठे तिने त्यांचं कपाट उघडलं. स्वेटरांच्या मागे बर्बन व्हिस्कीच्या दोन बाटल्या उभ्या होत्या, सील न फोडलेल्या. एकीच्या मानेला लाल मेण, दुसरीला हिरवी पट्टी. किमतीच्या चिठ्ठ्या दोन्हींवर तशाच होत्या आणि फरक इतका किरकोळ, की वरच्या पैशांत साधा पावही आला नसता. लेबलांवरचा मजकूरही जवळजवळ एकच: शेवटचे नऊ महिने शेकलेल्या ओकच्या पिंपात मुरवलेली.

बाटल्या कशासाठी ठेवल्या आहेत ते तिला पक्कं माहीत होतं. म्हणूनच कपाटाला हात लावायला तीन आठवडे लागले.

वडील पिंपं शेकायचे. उभा जन्म त्यात गेला. ओकच्या फळ्या वाकवून लोखंडी कड्यांत बसवल्या, की पिंपाला आतून मंद आच द्यायची. लाकूड जळता कामा नये, नुसतं भाजलं गेलं पाहिजे. ते कधी घड्याळाकडे बघत नसत. आधी ओल्या लाकडाचा वास येई, मग पावाच्या खरपूस कडेचा, मग भाजलेल्या बदामाचा. बदाम आला की पिंप आगीवरून खाली. सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्याजवळ भुशाच्या पोत्यावर बसायची आणि त्यांच्याही आधी "बदाम!" म्हणून ओरडायची. तिचा अंदाज कधी चुकला नाही. माझं अर्धं नाक हिच्याकडे आहे, असं ते कारखान्यात येईल त्याला ऐकवत.

उरलेलं अर्धं दोन वर्षांपूर्वी गेलं. महिनाभर ताप अंगात मुरला आणि उतरताना वास घेऊन गेला. त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. पिंपाला बाहेरून तळवा लावायचा आणि उबेवरून ठरवायचं, असं करत त्यांनी चाळीस पिंपं शेकली. पितळ उघडं पाडलं ते दुधाने. कारखान्यातल्या शेगडीवर चहाचं दूध करपून काळं झालं, लोक नाकाला फडकी लावून धावत आले, आणि हे शेगडीपासून दोन हातांवर निवांत फळी तासत बसलेले. मॅनेजरने त्यांना घरी बसवलं. ती चाळीसही करपवली असणार, असं तो चारचौघांत म्हणाला. पण पिंपं केव्हाच एका व्हिस्कीच्या कंपनीकडे रवाना झाली होती. पुढची खेप नव्या गॅसच्या यंत्रावर शेकली आणि दुसऱ्या एका कंपनीकडे गेली. लाल मेणाची बाटली वडिलांच्या पिंपांतली, हिरव्या पट्टीची यंत्राच्या.

दोन्ही बाजारात आल्या त्या दिवशीच ते घेऊन आले. स्वतः चाखून काही कळणार नव्हतं. शिवाय कारखान्याचा जुना रिवाज होता: ज्याने आच दिली त्याने निकाल द्यायचा नाही, आणि जो देईल त्याचा पहिला शब्द शेवटचा. त्यांनी तिला फोन केला. "एवढं येऊन चाखून जा. खरं काय ते सांग, बाकी काही नको." या रविवारी येते, ती म्हणाली. मग पुढच्या. तीनदा फोन आला, तीनदा तिने रविवार पुढे ढकलला. कामं होती, पण खरं कारण कामांचं नव्हतं. करपलं आहे हे आपल्याच तोंडाने सांगावं लागेल, याची तिला भीती होती. चौथा फोन शेजाऱ्यांचा होता.

आता तिने ठोकेकाकांना बोलावून घेतलं. पिंपांवर कडी ठोकून बसवण्याचं काम त्यांचं, म्हणून लहानपणापासून ते तिचे ठोकेकाका. त्या चाळीस पिंपांच्या आगीत लाकूड सारायला तेच होते, तेव्हा रिवाजाप्रमाणे तेही बाद. ते आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ वडिलांच्या खुर्चीकडे न बघता बसून राहिले. मग बाटल्या घेऊन स्वयंपाकघरात गेले. दोन पेल्यांच्या बुडाला खडूने खुणा केल्या, ओतलं, आणि पेले तिच्यापुढे आणून ठेवले.

पहिला पेला गोड होता. व्हॅनिला, विरघळलेली साखर, कुठे काही खटकत नव्हतं. गुळगुळीत, ती मनात म्हणाली, यंत्राचं काम. दुसऱ्यात सुरुवातीला काहीच नव्हतं. मग जिभेच्या मुळाशी राखेसारखा कडवटपणा उमटला आणि जाता जाईना. तिचे डोळे भरून आले. म्हणजे मॅनेजर बरोबर होता. म्हातारा तळवा चुकला होता, चाळीस वेळा.

खरं काय ते सांग, असं ते म्हणाले होते. पण ज्यांना सांगायचं ते राहिले नव्हते, आणि ती इथेही त्यांच्या विरुद्ध बोलू शकली नाही.

"हा," तिने दुसरा पेला पुढे सरकवला. "हा चांगला आहे."

काका पेल्याकडे बघत राहिले. मग टोपी चाचपू लागले.

"झालं तर मग," ते म्हणाले. "ठेव आता ते. जेवलीस का सकाळपासून?"

"खूण बघू द्या."

"कशाला, पोरी? पहिला शब्द शेवटचा."

तिने पेला डोक्यावर धरून बुडाशी पाहिलं. दोन रेघा होत्या.

"दोन म्हणजे कोण?"

काकांनी बोट दाखवलं, हिरव्या पट्टीकडे.

मग काकांनी पहिला पेला उचलला आणि रिवाज मोडून एक घोट घेतला. तोंडातल्या तोंडात घोळवला, गिळला, आणि खाली बघत म्हणाले, "मीसुद्धा करपलंच धरून चाललो होतो. वर्षभर त्याच्याकडे फिरकलो नाही. काय बोलणार होतो येऊन?"

तिला ते तीन फोन आठवले. एका रविवारचं काम होतं. सकाळी निघून संध्याकाळी परत.

तिने त्यांच्या हातातून पेला घेतला. या वेळी ती काही शोधत नव्हती. नाक पेल्यात घातलं, डोळे मिटले आणि थांबली. साखर ओसरली. मागून पावाची कड आली. तिच्याही मागून, अगदी वेळेवर, तो वास आला.

"बदाम," ती हळूच म्हणाली.

काका गुडघ्यांवर हात टेकून अर्धवट उठले. इतकी वर्षं हा शब्द ऐकला की ते असेच उठत आले होते, पिंपाची दुसरी बाजू धरायला. मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते पुन्हा खाली बसले.