सात ओट्या फिरलेली ओढणी

मी सुफ्लीची रेशमी ओढणी बोलतेय. ठाण्याला येताना मला वाटलं होतं, इथे कुणीतरी मला अंगावर घेईल, माझ्या गावाबद्दल विचारेल. प्रत्यक्षात वर्षभर मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घुसमटले. तो राग अजून गेलेला नाही.

सुफ्ली हे ग्रीसच्या पूर्व टोकाचं छोटं गाव. शेजारी नदी, नदीपार तुर्कस्तान. एके काळी आमचे रेशमाचे कोश पार इटली-फ्रान्सपर्यंत जात. पण किड्यांना लागणाऱ्या तुतीच्या कितीतरी बागा नदीपलीकडे होत्या. शंभर वर्षांपूर्वी दूर कुठेतरी बसलेल्या माणसांनी नदीचीच सरहद्द केली. बागा तिकडेच राहिल्या. मला विणणाऱ्या फोतिनीची आजी दर वसंतात काठावर जाऊन आपली झाडं नुसती बघायची. "डोळ्यांसमोर आहे आणि हात लावता येत नाही, याहून मोठी शिक्षा नाही," फोतिनी म्हणायची. माझ्या कोपऱ्यात तिने तुतीचं एक पान विणलं.

उर्वी शिकायला तिकडे असताना फोतिनीकडे राहायची. निघताना फोतिनीने मला तिच्या हाती दिलं. नौपाड्यात आल्याआल्या उर्वीने मला हेमाकाकूंना दिलं, कारण लहानपणी तिला विणकाम त्यांनीच शिकवलं होतं. अर्धा तास ती गावाची गोष्ट सांगत होती. "अय्या, किती मऊ!" काकू म्हणाल्या. आठवड्याने त्यांनी माझी ब्लाउजपीसएवढी घडी केली आणि शालूवहिनींच्या ओटीत घातली.

ओटीत आलेला ब्लाउजपीस कपाटात ठेवायचा आणि पुढच्या बाईच्या ओटीत घालायचा, ही इथली रीत. उघडून कुणी बघत नाही. माजिवड्याच्या केशरबाईंनी तेवढं मला शिंप्याकडे नेलं. त्याने कात्री उचलली, मग म्हणाला, "बाई, हे ब्लाउजचं कापड नाही." केशरबाईंनी मला हेमाकाकूंच्याच ओटीत घातलं.

काकूंनी ओळखलंसुद्धा नाही. चैत्राच्या हळदीकुंकवाला त्यांनी उर्वीच्या आईची ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि मी.

"काकू, हे कुठलं गं?" उर्वीने विचारलं.

"जपानी सिल्क! खास तुझ्या आईसाठी बाजूला काढून ठेवलेलं."

उर्वीने घडी उलगडली. पान दिसलं. मला वाटलं, आता ही कडाडेल. तिने पन्ह्याचा घोट घेतला. "छान आहे, काकू." मी रागाने धुमसले.

संध्याकाळी मात्र तिने काकूंच्या ओळखीतल्या एकेका घरी फोन लावला. "ते क्रीम कलरचं ना? मला शालूने दिलेलं," असं करत करत सातही नावं लागली.

सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "आई, मी हिला फ्रेम करतेय. जाड काच. खाली सुफ्लीचं नाव आणि सातही ओट्या भरणाऱ्यांची, क्रमाने. पहिलं काकूचं, शेवटचंही काकूचंच. तिच्या सोफ्यासमोर मी स्वतः खिळा ठोकणार."

"अगं, जाऊ दे ना! चार बायका येतात तिच्याकडे."

"म्हणूनच. फ्रेम ओटीत घालता येत नाही, आई."

हेमाकाकू, येतेय मी. आता रोज बघत बसा. हात मात्र लावता येणार नाही.