घोड्याने मान्य केलं

गल्लीत सगळे त्यांना टाचणीबाई म्हणत. चाळीस वर्षं शिवणकाम केलेलं, आणि त्यातली निम्मी तोंडात टाचण्या धरून. डझनभर टाचण्या ओठांत असल्या की बाईंचं बोलणं बंद. हे गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, तसंच त्यांच्या दोन्ही पोरांनाही. गिऱ्हाइकं अशा वेळी थांबत. पोरं नेमकी तीच वेळ गाठत.

"आई, चिमणीला ठेवून जातोय, तासाभरात आलोच," थोरला आपल्या लेकीला पुढे करत म्हणायचा. बाई डोळे वटारायच्या, हात हलवायच्या, तोवर हा अर्धा जिना उतरलेला. धाकटी त्याहून पोचलेली. ती स्वतःच्या किल्लीने दार उघडायची, जुळ्या पोरांना आत ढकलायची आणि बाहेरूनच ओरडायची, "आई, दोघांनी खाल्लंय!" जणू बाईंची तेवढीच काय ती अडचण होती.

नातवंडांवर बाईंचा जीव होता. फक्त न विचारता, रोज कुणीतरी ती आणून टाकावीत असं त्यांना वाटत नव्हतं. पण हे सांगायचं कधी? तोंड रिकामं व्हायचं तेव्हा सांगायला समोर कुणी नसायचं.

आणि अशात घोडा आला.

एका नाटक कंपनीच्या मॅनेजरने काम दिलं होतं. दोन माणसं आत शिरतात असा कापडी घोडा, एक पुढचे पाय, एक मागचे, दुसऱ्या अंकात नाचणारा. हा पसंत पडला तर अख्ख्या नाटकाचे कपडे बाईंकडे. नाही पडला तर दुसरीकडे. आजवर लोकांच्या पँटच्या कडा मारून आणि चेनी बदलून हात शिणले होते. असलं काम पहिल्यांदाच दारात आलं होतं, आणि बाईंना ते हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं.

मॅनेजर बुधवारी पाचला घोडा बघायला येणार होता. बुधवारी चार वाजता बाई जमिनीवर गुडघे टेकून घोड्याच्या पोटाला टाचण्या लावत होत्या. कुणाला तरी आत घालून पायांची उंची बघणं, एवढंच राहिलं होतं.

दार उघडलं. थोरला, बरोबर चिमणी. "आई, केस कापून येतो."

त्याच्या पाठोपाठ धाकटी, बरोबर जुळे. "आई, मैत्रीण वाट बघतेय... अरे, तू पण? काल तूच ठेवलं होतंस ना हिला?"

"मी निदान विचारून ठेवतो. तुझ्यासारखं फेकून जात नाही."

"विचारतोस? आणि उत्तर कोण ऐकतं, तुझा शेजारी?"

"आईला आवडतं गं!"

"आवडतंच. पण माझी पोरं जास्त आवडतात."

हा वाद रंगात आला असतानाच कोपऱ्यातून कराकरा आवाज आला. जुळ्यांनी मोठी कात्री पैदा केली होती. घोड्याची शेपटी अर्ध्यावर आली होती, आणि तिन्ही नातवंडांच्या नाकाखाली झुपकेदार तपकिरी मिशा होत्या.

बाईंनी आधी कात्री काढून कपाटावर ठेवली. मग तोंडातली एकेक टाचणी काढून उशीत खोचायला लागल्या. एक, दोन, तीन... अकरा. थोरला आणि धाकटी बघत राहिले. इतका वेळ ते कधी थांबलेच नव्हते.

"तुम्ही दोघं," बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "जरा घोड्यात शिरा. उंची बघायचीय."

पोरं ठेवून जायचं होतं, तेव्हा नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? "मी पुढे," थोरला म्हणाला.

"नेहमी तूच पुढे! मी का म्हणून मागे?"

"कारण मी मोठा."

धाकटी कुरकुरत वाकली. "दादा, पोट आत घे. मला श्वास घेता येत नाहीये."

"घेतलंय आत. हे आत घेतलेलंच आहे."

बाईंनी सुई ओवली आणि घोड्याचं पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत पक्कं शिवून टाकलं. मग खुर्ची ओढून घोड्यासमोर बसल्या.

"आई? हे उघडतं कुठून?" घोड्याचं डोकं म्हणालं.

"उघडेल. आधी ऐका. पोरं मंगळवारी आणि गुरुवारी आणायची, चार ते सात. एक दिवस आधी विचारायचं. मी नाही म्हटलं तर का म्हणून विचारायचं नाही. आणि दोन्ही किल्ल्या परत."

"आणि अचानक अडचण आली तर?" मागच्या पायांनी विचारलं.

"ताप आला, पाय मोडला, ही अडचण. मैत्रीण ही अडचण नाही. केस तर नाहीच नाही."

"आई, तू अशी नव्हतीस," घोडा दुखावल्या सुरात म्हणाला.

"अशीच होते. तोंड भरलेलं होतं."

घोडा रुसला. पुढचे पाय दाराकडे निघाले, मागच्यांनी फतकल मारली. मधली मखमल ताणली गेली. चिमणी टाळ्या वाजवायला लागली. आणि एवढ्यात, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी, मॅनेजर दारात उभा.

बाईंनी एकदा सगळीकडे नजर फिरवली. शेपटी अर्धी, पोरं मिशीत, आणि घोडा स्वतःशीच भांडतोय.

"दादा, ओढू नकोस!" घोड्याच्या मागून आवाज आला आणि एक सणसणीत लाथ पुढच्या पायावर बसली.

मॅनेजर हसता हसता भिंतीला टेकला. "बाई, अहो हा भांडतो! आमचा नुसता नाचणार होता. शिवण बघा, इतकं ओढलं तरी धागा हलला नाही!" त्याने घोड्याभोवती एक चक्कर मारली. "शेपटी तेवढी नीट करा. बाकीचे कपडेही तुम्हीच शिवायचे. आणि हे दोघे कोण? नाटकात येतील का?"

"विचारते," बाई म्हणाल्या आणि घोड्याच्या कानाशी वाकल्या. "काय रे, माझ्या अटी मान्य?"

"मान्य," डोकं म्हणालं.

"मान्य, मान्य! आधी सोड!" मागून आलं.

"नाटकात नाही येणार ते," बाईंनी मॅनेजरला सांगितलं आणि उसवायला बसल्या.

पुढचे दोन आठवडे घरात अशी शांतता होती की बाईंना आपल्याच मशीनचा आवाज ऐकू यायचा. थोरल्याचा एकदा फोन आला, सोमवारी, उद्या चिमणीला आणू का म्हणून. बाई नाही म्हणाल्या. मग तो "बरं" म्हणाला, आणि आकाश काही कोसळलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी काम दुपारीच संपलं. बाईंनी चहा केला, प्यायला, कप विसळला, आणि मग धाकटीला फोन लावला.

"जुळ्यांना पाठव गं जरा. मोकळी आहे मी."

"आज?" धाकटी म्हणाली. "आज शुक्रवार, आई. आणि एक दिवस आधी विचारायचं ठरलंय ना? आमचं बाहेर जायचं ठरलंय."

"कुठे?"

"का म्हणून विचारायचं नाही."

बाई मनात म्हणाल्या, कार्टी! मग त्यांनी घसा साफ केला.

"बरं. मग उद्याचं विचारते. उद्या पाठवशील का?"

"बघते आणि कळवते," धाकटी ऐटीत म्हणाली. आणि दोनच मिनिटांत तिचा उलट फोन आला, की चिमणीलाही यायचंय, तर तिघं आली तर चालतील का.

"बघते आणि कळवते," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून लगेच तिघांसाठी मिशा कापायला बसल्या.