अक्षर महाराजांची पाटी

डोणगावच्या वेशीबाहेर, सोयाबीन निघालेल्या वावरात मांडव पडला होता आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढं दोर बांधलेला. दोरापलीकडं गादीवर अक्षर महाराज, आणि त्यांच्या शेजारी पाटावर, कपाळभर अष्टगंध फासलेले, निवृत्त हेडमास्तर शेषराव.

"ह्या मास्तरनं जन्मभर गावाले वाचाले शिकवलं!" महाराज गरजले. "आज त्यालेच सोताचं अक्षर वाचता येत नाई. काऊन? कारण हात मास्तरचा, अन् लिवणारा वरचा!"

लोकांनी जयजयकार केला. दोराशी उभ्या असलेल्या प्रेरणानं दात आवळले. ती शेषरावांची मुलगी, चिखलीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आपल्या बापाला असा बाजारात मांडलेला पाहून तिच्या अंगाची लाही लाही होत होती.

महाराजांचा धंदा सोपा होता. भक्तानं प्रश्न विचारायचा. शेषरावांनी डोळे मिटून पाटीवर उत्तर लिहायचं. महाराज पाटी आपल्याच छातीकडं धरून मोठ्यानं वाचणार, मग ती शेषरावांसमोर नाचवून विचारणार, "वाचा मास्तर." शेषराव हताशपणे मान हलवणार आणि मांडव चमत्कारानं हादरणार. मग तांब्याचं पाणी ओतून पाटी धुवायची आणि ते खडूचं पाणी तीर्थ म्हणून भक्ताला पाजायचं. पुरावा सरळ फिर्यादीच्या पोटात! चोराला याहून सोयीचं तीर्थ कुठलं?

खरी गोष्ट अशी, की उन्हाळ्यात शेषरावांना मेंदूचा झटका आला होता. बोलणं-चालणं वाचलं, पण दुसऱ्या दिवशी पेपर हातात घेतला तर एक शब्द कळेना. मराठी गेलं तसं इंग्रजीही गेलं. एसटीवरचा नंबर वाचायचे, पण गावाचं नाव नाही. लिहायला सांगितलं तर मात्र पूर्वीसारखं मोत्यासारखं अक्षर, आणि घटकाभरानं तेच अक्षर त्यांना अनोळखी!

डॉक्टरांनी प्रेरणाला नीट समजावलं होतं. लिपी कुठलीही असो, डोळ्यांना दिसलेल्या रेघा शब्द म्हणून ओळखायचं काम डाव्या मेंदूच्या मागचा एक लहानसा भाग करतो. तेवढ्याचाच रक्तपुरवठा तुटला होता. लिहिणाऱ्या हाताची वाट निराळी, ती शाबूत होती. रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र चुकवायची नाही, नाहीतर दुसरा झटका ठरलेला. अक्षरावर बोट फिरवलं तर हालचालीवरून ते ओळखू येईल, हेही डॉक्टरांनीच सुचवलं होतं.

पण ज्या माणसाला गाव वाचण्यामुळं मान देत होतं, त्याला 'मेंदू बिघडला' हे कसं पचावं? 'देवानं हात धरला' हे ऐकायला गोड होतं. त्यात महाराजांनी पाटीवरून वाचून दाखवलं की गोळी बंद कर, आणि शेषरावांनी ती बंद केली.

"आबा, तो भलतंच वाचून दाखवते," प्रेरणा घरी रडकुंडीला येऊन म्हणाली होती.

"अवं, मी मनात धरलं गोळी घे, अन् निंगालं नको. देव नाई त कोण?"

"मंग बोटानं गिरवून पाहा ना एकडाव."

"मी काय पहिलीतला पोट्टा हावो?" शेषराव असे कडाडले, की तिनं विषय सोडला. आज मात्र ती सोडणार नव्हती.

तिची पाळी आली. "महाराज, माह्या आबानं झटक्याच्या गोळ्या घ्यायच्या का नाई, तेवढं सांगा."

महाराजांना आयता घास मिळाला. शेषरावांनी डोळे मिटले आणि पाटीवर खडू कुरकुरला. महाराजांनी पाटी छातीशी धरली. "गोळी म्हंजे इख! देवाच्या हाताले दवाई चालत नाई!" त्यांनी तांब्या उचलला.

पाणी पडायच्या आत प्रेरणानं दोराखालून हात घालून पाटी हिसकली आणि लोकांकडं फिरवली. "वाचा!"

दोराजवळ बसलेल्या सोजराबाईची नात काजल, चौथीतली पोर, एकेक शब्द म्हणाली, "गोळी... सोडू... नको."

"नजरबंदी हाय!" महाराज किंचाळले. "मास्तर, तुमीच सांगा, पोरगी खोटी का देव?"

शेषरावांनी पाटीकडं पाहिलं. त्यांना नुसत्या रेघा दिसल्या. त्यांनी मान हलवली आणि लोक पुन्हा महाराजांकडं बघू लागले. प्रेरणा दोराखालून आत शिरली. तिनं वडिलांपुढं बसून त्यांचं बोट धरलं.

"आबा, ह्या मांडवातल्या निम्म्या लोकाईचं बोट धरून तुमी गिरवून घेतलं. तवा त्याईले लाज नाई वाटली. आता तुमी गिरवा."

बोट पहिल्या अक्षरावरून फिरलं. खडू थोडा पुसला गेला. "ग..." शेषराव पुटपुटले. बोट पुन्हा फिरलं. "गो. गोळी." तिनं हात सोडला तरी बोट थांबलं नाही. शेवटच्या अक्षरावर त्यांनी मान वर केली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि पाण्यामागं जुना हेडमास्तर.

"हेच मनात धरलं होतं मी," ते म्हणाले. "हेच लिवलं. मांगंही हेच लिवलं असन. तू मले मारून राह्यला होता, बे!"

महाराजांचे चेले जीपकडं सरकले, पण माणसं आधीच जीपला टेकून उभी होती. कुणीतरी पोलिसांना फोन लावला. गादीवरचे महाराज आता हात जोडून प्रत्येकाला 'भाऊ' म्हणत होते.

शेषरावांनी मुलीपुढं हात पसरला. तिनं पर्समधली गोळी दिली आणि त्यांनी ती महाराजांच्याच तांब्यातल्या पाण्यानं गिळली.

"आयका," ते लोकांना म्हणाले, "माह्या डोक्यातला वाचायचा एक तुकडा मेला. त्याची लाज वाटली म्हनून मी देव पांघरला. तुमचं त डोकं साबूत हाय ना? मंग दोराइकडं बसून दुसऱ्याचं वाचलेलं काऊन आयकता? कोनी म्हनलं देवानं लिवलं, त त्याले येकच सांगा, पाटी इकडं फिरव."