राहिलेली गोष्ट

अनसूयाबाईंनी ती गोष्ट मिशनच्या शाळेत दुसरीच्या मुलींना मोठ्या हौसेनं सांगितली होती. फार पूर्वी, समुद्राकाठच्या एका गावात निकोलस नावाचा धर्मगुरू राहायचा. शेजारच्या गरीब बापाला तीन मुली, लग्नाला पैसा नाही. निकोलसनं अंधारात खिडकीतून मोहरांची थैली आत टाकली. हाच पुढं म्हणे नाताळबाबा झाला.

"बाई, आमच्या घराला खिडकीच न्हाय की!" एक मुलगी म्हणाली.

"मग कौलातनं टाकंल," दुसरी म्हणाली आणि वर्ग हसला.

नाताळच्या दिवशी शिपाई रामहरी लाल शाल पांघरून, गिरणीतल्या कापसाची दाढी लावून आला. पाहुणे जमले होते. मुलींना दया म्हणजे काय ते कळावं म्हणून काय बोलायचं हे बाईंनीच त्याला पढवलं होतं. तो गरजला, "जिच्या परकराला ठिगळं हायेत, ती दानम्मा कुटं हाय?"

दानम्मा उठली. नव्या परकरासाठी खणाचं कापड तिनं खाली मान घालून घेतलं. बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

दुसऱ्या दिवसापासून दानम्मा शाळेत आली नाही.

आठवडाभर तिची जागा रिकामीच राहिली. शेवटी त्या गिरणीमागच्या चाळीत तिच्या घरी गेल्या. दानम्माच्या आईनं, मल्लव्वानं, चटई टाकली. बाई निघाल्या तशी ती म्हणाली, "थांबा बाई, ओटी भरते. आमच्यात बाईमाणसाला रिकामं धाडत न्हाईत."

बाईंनी पदर पसरला. तांदूळ पडले, नारळ आला, आणि त्यावर तेच कापड, घडीही न मोडलेलं. ओटीत आलेल्या वस्तूला नको म्हणता येत नाही.

दारातून दानम्मानं विचारलं, "बाई, थैली कोण टाकतंय ते त्या बापाला कळलं का वो?"

"कळलं. त्यानं पाळत ठेवून निकोलसला धरलं."

"मग?"

"निकोलसनं त्याचे हात धरले. म्हणाला, मी जिवंत असेपर्यंत कुणाला सांगू नकोस."

"हे तुमी वर्गात सांगितलंच न्हाई की."

"नाही सांगितलं." बाई म्हणाल्या. "मला ते एवढं महत्त्वाचं वाटलं नाही गं."

दानम्मानं आईकडं बघितलं. मग म्हणाली, "सगळ्यांना सांगाल?"

"उद्याच सांगते."

"मग येते."

दुसऱ्या दिवशी ती त्याच ठिगळाच्या परकरात आपल्या जागी बसली. बाईंनी राहिलेली गोष्ट सांगितली. घराला खिडकी नसलेली ती मुलगी लगेच म्हणाली, "मग आपल्या नाताळबाबानं वरडून कशाला दिलं?"

"त्याला तसं मी शिकवलं होतं," बाई म्हणाल्या.

दानम्मानं पाटी पुढं ओढली आणि वरच्या कोपऱ्यात एक लहानशी खिडकी काढायला घेतली. बाईंना तिकडं बघवेना.