टेंभेकरांचं गवत

परीक्षितने सोमवारपासून घरात नवीनच थेर सुरू केलं. बायकोशी बोलणं बंद, आणि तिला काही सांगायचं असलं की माझ्याकडे बघून सांगायचं. आई, तिला म्हणावं भाजीत मीठ कमी आहे. ती समोर बसलेली, तिचे कान शाबूत, आणि मधल्यामध्ये मी टेलिफोन खात्यातली बाई. पन्नाशीला टेकलेला माणूस, मंडीदीपच्या कारखान्यात एवढी माणसं हाताखाली, आणि घरी येऊन गाल फुगवतो. त्यात भाजी मी केलेली. मीठ बरोबर होतं.

कारण म्हणाल तर बोटभर गवत.

माझी सून रसिका इथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि त्यातही गवत हा तिचा विषय. रायसेनकडच्या एका खडकाळ माळावर, पावसाचं पाणी साचतं त्या खळग्यांत, तिला एक गवत सापडलं. आजवर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ठिकठिकाणच्या जाणत्यांनी ते तपासलं आणि नवीन आहे म्हणून कबूल केलं. आता ते छापून येणार. या लोकांची रीत अशी की झाडाच्या नावापुढे, ज्याने ते पहिल्यांदा जगाला सांगितलं त्याचं आडनाव लिहायचं. एकदा लिहिलं की कायमचं.

रीत कळली तेव्हा परीक्षित हरखला होता. मिसरोदच्या आमच्या कॉलनीत त्याने चार जणांना सांगूनही टाकलं की आपलं पिंपळखुटे हे नाव आता विज्ञानात जाणार, आणि बघा, आडनावातच पिंपळ आहे. मग रसिकाने जेवताना सहज सांगितलं की तिथे टेंभेकर येणार. हे तिचं माहेरचं. तिचा पहिला लेख लग्नाआधी त्या नावाने छापला, पुढचे सगळे तसेच, आणि गवतवाल्या लोकांत तिला त्याच नावाने ओळखतात. परीक्षितने घास तसाच ताटात ठेवला. तिथून मी टेलिफोन खात्यात लागले.

नात सोनल म्हणाली, "आजी, पापांना फुकटचं क्रेडिट चाहिए, बस." पोरगी हिंदी-मराठीची खिचडी करते, पण नेम बरोबर धरते.

फुकटचं म्हणाली ते खोटं नाही. रसिका लग्न होऊन आली तेव्हा तिची पीएच्.डी. अर्धी होती आणि नोकरीचा पत्ता नव्हता. मग कितीतरी वर्षं ती कॉलेजात अतिथी विद्वान होती. आमच्या मध्य प्रदेशात तासावर शिकवणाऱ्या मास्तरांना सरकारने हे गोड नाव दिलंय. पाहुणा म्हणायचं आणि पाट मांडायचा नाही. दर उन्हाळ्यात घरी बसवायचे, दर पावसाळ्यात पुन्हा अर्ज करायला लावायचे. पक्क्या नोकरीच्या मुलाखतीला गेली तर समोरच्या तिघांनी गवताचं एक अक्षर विचारलं नाही. मूल कोण सांभाळणार विचारलं. जंगलात जाणार कशा विचारलं. ही म्हणाली, चालत. नाही घेतलं. पुढच्या वेळी पुन्हा गेली, त्याच्या पुढच्या वेळीही. शेवटी घ्यावंच लागलं.

पावसाळ्यात ती चिखलाने माखून यायची, आणि आणलेलं एकेक रोप वर्तमानपत्राच्या घडीत पसरून, दोन फळ्यांत दाबून, वर माझा वरवंटा ठेवायची. दमट हवेत बुरशी धरते म्हणून कागद रोज बदलायचे. गच्चीवर ऊन पडलं की एका बाजूला माझे पापड, दुसऱ्या बाजूला तिचे कागद. कॉलनीतल्या बायका विचारायच्या, सून प्रोफेसर आहे की गवत कापणारी घसियारिन? मी सांगायचे, दोन्ही आहे. तुमच्या सुना काय आहेत?

आणि माझ्या चिरंजीवांची यात कामगिरी ऐका. दिवाळीची सफाई म्हणून त्याने जिन्याखालचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा कबाडीला देऊन टाकला. आत पावसाळाभराची रोपं. रसिका कॉलेजात होती. मी त्या कबाडीच्या मागे रिक्षा करून करोंदपर्यंत गेले. तोवर त्या कागदांत मूगफळीच्या पुड्या बांधून झाल्या होत्या. हे गवत तिला पहिल्यांदा त्याच वर्षी मिळालं होतं. पुराव्याचं रोप हातात नसेल तर या लोकांत कोणी उभं करत नाही, म्हणून ती पुढच्या पावसात पुन्हा त्या माळावर गेली. नवऱ्याला एका शब्दाने बोलली नाही. मी बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर गुरुवारी सकाळी मी मेथी निवडत होते. रसिका येऊन समोर बसली आणि काड्या मोडू लागली. छापण्याआधीची शेवटची प्रत शुक्रवारी परत पाठवायची होती. म्हणाली, आई, मी पिंपळखुटे करून टाकते. घरात रोज हे चालायचं त्यापेक्षा बरं. गवत तर तेच राहणार आहे.

मी विचारलं, मग आधीच्या एवढ्या लेखांचं काय?

ते टेंभेकरांच्या नावावर राहतील, म्हणाली. लोकांना वाटेल टेंभेकर बाई गेल्या आणि ही कोणीतरी नवीन आली. हसत म्हणाली, पण तिने मेथीची पानं कचऱ्यात आणि काड्या परातीत टाकल्या होत्या.

मला एक शंका आली. म्हटलं, तुमच्यात एकाच झाडाला दोघांनी दोन नावं दिली तर कुठलं धरतात?

"पहिलं," रसिका म्हणाली. "नियमच आहे तसा. नंतरचं कितीही मोठ्या माणसाने दिलेलं असो, ते बाजूला ठेवतात. पहिलं उभं राहतं."

मी परात खाली ठेवली.

मी लीलावती. चौथीपर्यंत शाळेत माझी हजेरी याच नावाने लागली. नागपूरला लग्नात ताटात तांदूळ पसरले, आणि आमच्या ह्यांनी अंगठीने त्यात सुशीला लिहिलं. सासूबाईंनी ठरवलेलं. मला कोणी विचारलं नाही, ह्यांनाही नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्याच तांदळाची रात्री खीर झाली, आणि लीलावती पंगतीत जेवून संपली. त्यात सुशीला! माझ्या कुठल्या बाजूने सुशीला दिसते ते मी सासूबाईंना पुढे वेळोवेळी विचारलं. रसिका आली तेव्हा ताट मांडायला निघालेल्या नणंदेला मी तिथल्या तिथे थांबवलं होतं. म्हटलं, तांदूळ डब्यात भर, भाताला होतील.

खडकातल्या गवताला जो न्याय आहे तो मला नव्हता, हे मला इतक्या वर्षांनी मेथी निवडताना कळलं. राग आला. पण रसिकाला मी एवढंच म्हटलं की तुझं नाव तू ठरव, फक्त ह्या घराच्या शांततेसाठी ठरवू नकोस. ती शांतता मी सांभाळते.

तिने उठताना परातीतल्या काड्या तेवढ्या वेचून घेतल्या.

शुक्रवारी संध्याकाळी परीक्षित मावाबाटीच्या मिठाईचा डबा घेऊन आला. बायको नमतेय ह्याची त्याला कुठूनतरी कुणकुण लागली असावी. आल्याआल्या थेट तिच्याशी बोलला, म्हणाला, मग, पाठवलंस का? रसिकाने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, दुपारीच पाठवलं. टेंभेकरच ठेवलंय.

डबा टेबलावर राहिला. परीक्षित माझ्याकडे वळला, आता मात्र खरोखरच दुखावलेला. म्हणाला, आई, तू तरी काही बोल. बाबांची तरी आठवण राहिली असती त्या नावात.

मी म्हटलं, तुझ्या बाबांना गवतातून नुसतं चाललं तरी शिंका यायच्या. त्यांना कशाला ओढतोस?

सोनल फिसकन हसली. तो नाही हसला. म्हणाला, लोक विचारतील ही टेंभेकर कोण, तर मी काय सांगू?

मी त्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि एकदाच सांगितलं.

"सांग, माझी बायको आहे. मान वर करून सांग. तिने गुडघे फोडून शोधलंय, तिचंच नाव लागणार, आणि पिंपळखुट्यांनी त्यावर चिठ्ठी चिकटवलेली मी चालवून घेणार नाही. तुला नाव हवं असेल तर उद्या पावसात माळावर जा आणि तुझं तू काहीतरी शोध. तोवर तू टेंभेकर बाईंचा नवरा. ह्या घरात ह्याहून मोठी पदवी अजून कोणाला मिळालेली नाही, परीक्षित, आणि तुला ती काही न शिकता मिळालीय."